मामाच्या नावावर खपलेलं रडू

परवा त्या बँडमधला शेवटचा माणूसही गेला. ड्रम वाजवायचा तो. ऐंशी पार केलेला, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कुठल्याशा लहान गावात, झोपेतच गेला म्हणे. फोनवर आमचा चाहत्यांचा ग्रुप आहे, त्यात सकाळपासून रीघ लागली. कुणी जुन्या तिकिटांचे फोटो टाकले, कुणी त्याच्याशी एकदा केलेल्या हस्तांदोलनाची हकिकत तिसऱ्यांदा लिहिली, लीड्सच्या एका आजोबांनी तर स्वतःचा रडतानाचा व्हिडिओ टाकला. मी सगळं वाचलं आणि काहीच लिहिलं नाही. वाईट वाटलं नाही असं नाही. पण ह्या लोकांच्या मांडीला मांडी लावून रडायचा हक्क मी सतराव्या वर्षीच घालवून बसले आहे. तो कसा घालवला हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता केस पिकायला लागलेत, तेव्हा एकदा लिहून टाकावं.

आम्ही तेव्हा लंडनच्या टोकाला हाउन्सलोत राहायचो, विमानांच्या वाटेखाली. दर दोन मिनिटांनी एक विमान छपरावरून उतरायचं आणि घरातलं बोलणं तेवढ्यापुरतं थांबायचं. पाहुण्यांना त्याचा त्रास व्हायचा. आम्ही मात्र अर्धं वाक्य तोंडात धरून थांबायचो आणि विमान गेलं की तिथूनच पुढे सुरू करायचो. बाबा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते, त्यांच्या शिफ्टा फिरत्या. आई केमिस्ट्रीची बी.एस्सी., पण तिला मिळालं ते एअरपोर्टजवळच्या मोठ्या किचनमध्ये विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायचं काम. डोक्याला जाळी, हातात मोजे, आणि समोरून सरकत जाणाऱ्या ट्रेंमध्ये एकेक बन, एकेक लोण्याची वडी. घरी आली की ती आधी आंघोळ करायची, तरी तिच्या केसांना त्या किचनचा उकडलेल्या गाजराचा वास यायचा. संध्याकाळी ती पिठलं-भात करायची आणि म्हणायची, दिवसभर जगाला जेवायला घातलं, आता माणसांसारखं जेवू या.

मी मात्र नवव्या वर्षापर्यंत लंडन पाहिलंच नव्हतं. आईबाबा पुढे आले आणि इथे जम बसेपर्यंत दोन वर्षं मी वाईला विलासमामाकडे राहिले. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, तिचा दादा. शाळेत पी.टी.चे सर होते. मामामामींना मूल नव्हतं. मामीची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, त्यामुळे माझ्या दोन वेण्या रोज सकाळी मामाच घालायचा, आणि व्हॉलीबॉलचं नेट बांधावं तशा घालायचा. संध्याकाळपर्यंत एक केस हलायचा नाही, माझे डोळे मात्र दिवसभर ताणलेले असायचे. शाळेत तो मला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून न्यायचा. दांडी टोचू नये म्हणून त्यावर टॉवेलची घडी बांधलेली असायची. वर्गातल्या पोरी मला सरांची पोर म्हणायच्या आणि मी कधी ते खोडून काढलं नाही.

इकडे आल्यावर पहिली दोन वर्षं मी दर रविवारी फोनपाशी बसून असायचे. मामाचा फोन अकराच्या सुमाराला यायचा. मग मी मोठी झाले, म्हणजे मला तसं वाटायला लागलं. शाळेत माझ्या इंग्रजीची टिंगल व्हायची, ते घासूनपुसून इथल्यासारखं करायला मला तीन वर्षं लागली होती, आणि मामाच्या 'काय म्हणते लंडनची राणी?' ह्या एका वाक्यानं मी पुन्हा दांडीवरची पोर व्हायचे. ते मला नको असायचं. फोन वाजला की मी आईला खुणेनं सांगायचे, बाथरूममध्ये आहे म्हणून सांग. आईला खोटं बोलायला आवडायचं नाही, तरी सांगायची. एकदा मामा तिला म्हणाला होता, लंडनात पोरी रविवारभर आंघोळच करतात की काय? आईनं हसत हसत ते मला सांगितलं, आणि मीही हसले. त्याला कळलेलं होतं, हे मला आज समजतं. तरी तो दर रविवारी विचारायचा.

त्या रविवारांत मी बाथरूममध्ये नव्हे, तर बहुतेक वेळा भिंतीला कान लावून बसलेली असायचे. आमचं आणि शेजारच्या कॉलिनचं घर एकमेकांना जोडलेलं, मध्ये एकच भिंत. कॉलिन एअरपोर्टवर सामान चढवायचं काम करून निवृत्त झालेला, दाढी छातीपर्यंत, एकटा. त्याच्याकडे रेकॉर्डींचा ढीग होता आणि त्यातल्या निम्म्या ह्या एकाच बँडच्या. बँडचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याचे चाहते अजून आहेत आणि त्यांना मी तोंड दाखवते. त्यात वेंडेल नावाचा म्हातारा स्लाइड गिटार वाजवायचा. बोटात काचेची नळी घालायची आणि ती तारांवरून सरकवायची, मग सूर तुटक न येता घसरत येतो, गळ्यातून निघाल्यासारखा. वेंडेल कधी गायला नाही, पुढेही आला नाही. मागे उभा राहायचा, टोपी डोळ्यांवर ओढून. मला वाटायचं, ह्या माणसाला माझं सगळं माहीत आहे. सतराव्या वर्षी असं कुणाबद्दल तरी वाटतंच. मी कॉलिनकडून रेकॉर्डी आणायला लागले, बाबांनी आधी भुवया चढवल्या, मग आईनं कॉलिनला एकदा शिरा नेऊन दिला, त्यानं वाटी घासून परत आणून दिली आणि प्रश्न मिटला. वेंडेलला मी चार पानी पत्र लिहिलं होतं. त्याच वर्षी मामाच्या वाढदिवसाला आईनं कार्डावर माझं नाव घातलं, मी सही करायलाही खाली आले नाही.

तो जूनमधला गुरुवार होता. माझे बहुतेक पेपर संपलेले. दुपारी घरी आले तर कॉलिन त्याच्या दारातल्या पायरीवर बसलेला, आणि आत सगळं शांत. त्याच्या घरात दुपारी रेकॉर्ड लागलेली नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं मान वर केली. डोळे लाल झालेले. "वेंडेल्स गॉन, लव्ह," तो म्हणाला. मी घरात शिरले, जिना चढले, खोलीचं दार लावलं आणि उशीत तोंड खुपसून रडायला लागले. मी पुढे आयुष्यात बरीच रडले आहे, योग्य कारणांसाठीही, पण तसं पुन्हा कधी रडायला आलं नाही. मध्ये केव्हातरी खाली किल्ली वाजली, आई शिफ्टवरून आली असणार. मग फोन वाजला. मी लक्ष दिलं नाही.

बऱ्याच वेळानं जिन्यावर आईची पावलं वाजली. तिनं दार ढकललं. माझा चेहरा सुजून भाकरीएवढा झालेला. ती दारातच थांबली आणि मला म्हणाली,

"तुला कळलं?"

कॉलिननं तिलाही सांगितलं असणार असं मी धरलं. "हो," मी म्हणाले.

ती येऊन पलंगावर बसली. आमच्या घरात मिठ्याबिठ्या मारायची पद्धत नव्हती, पण तिनं माझं डोकं ओढून मांडीवर घेतलं. "दादा गेला गं अनू. ग्राउंडवर पोरांना कवायत शिकवताना गेला. उभ्या उभ्या." मग म्हणाली, "रड तू. तू तरी रड. मला येतच नाहीये."

त्या वेळी मी 'काय?' एवढं जरी विचारलं असतं तरी सुटले असते. आई चिडली असती, कुणा गिटारवाल्यासाठी डोळे सुजवून घेतलेस म्हणून दोन शब्द बोलली असती, आणि मग आम्ही दोघी मामासाठी काय वाटायचं ते वाटून घेतलं असतं. पण तिचा हात माझ्या पाठीवर फिरत होता, आणि मी गप्प राहिले. खरं लिहायचं तर गप्पही नाही राहिले. रडत राहिले. आणि रडताना माझ्या डोळ्यांपुढे टोपी डोळ्यांवर ओढलेला वेंडेलच होता, हे मला नीट माहीत होतं. मामासाठी पाणी यावं म्हणून मी आतून ढकलून पाहिलं, तर काहीच हललं नाही. लाज मला ज्याची सगळ्यात जास्त वाटते ती ह्याचीच.

आईला जाता आलं नाही. इथे कायमचं राहायच्या अर्जासोबत आमच्या तिघांचे पासपोर्ट गेलेले होते, आणि ते परत मागवून, तिकीट काढून पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं. ती दुसऱ्या दिवशी कामावर गेली. रजा मिळत होती, पण घरात बसून काय करू, म्हणाली. लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक किती दिवस, ह्यावर फोनवर दोन मतं पडली, त्यातून बाबांनी तीन दिवस धरून टाकले. संध्याकाळी लोक भेटायला यायचे. ईलिंगच्या साठेकाकूंनी मुगाची खिचडी आणि कढी आणली, कारण दुखवट्याच्या घरी चूल पेटवू देऊ नये असं त्यांचं म्हणणं. एजवेअरहून बाबांच्या ओळखीचं एक कुटुंब दोन ट्रेन बदलून आलं आणि अर्धा तास काहीही न बोलता बसलं. सगळ्यांना आई एकच सांगायची, माझं ठीक आहे हो, पण अनूनं फार मनाला लावून घेतलंय. मग सगळे माझ्याकडे बघायचे. माझे डोळे खरोखरच सुजलेले असायचे, कारण भिंतीपलीकडे कॉलिन रोज संध्याकाळी वेंडेलची एकेक रेकॉर्ड क्रमानं लावत होता.

साठेकाकू निघाल्या तेव्हा मी सवयीनं दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "या हं काकू परत." दुखवट्याच्या घरून निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही आणि कुणी 'या' म्हणत नाही, हे मला पाठ होतं, वाईला मामीनंच शिकवलं होतं. आईनं डोळे मिटले. पण काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि आईला म्हणाल्या, असू दे गं, पोर भानावर नाही. माझी चूकही माझ्या मायेच्या खात्यात गेली. नंतर जिन्याखाली उभी राहून ऐकलं तर आई मामीला फोनवर हेच सांगत होती. अनू अजून सावरली नाही, वहिनी, जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. पलीकडून मामी काय म्हणाली ते आईनं बाबांना सांगितलं: ह्यांचा जीवच होता तिच्यात, ती नाही रडणार तर कोण.

रविवारी दुपारी कॉलिनच्या चाहतेमंडळानं हाय स्ट्रीटजवळच्या एका पबच्या मागच्या खोलीत वेंडेलसाठी बैठक ठेवली होती. आईला मी सांगितलं, कॉलिनच्या मित्रांबरोबर जरा बाहेर जाऊन येते. ती म्हणाली जा, मन मोकळं होईल. खोलीत तीसेक माणसं होती, बहुतेक पन्नाशीपलीकडची, पोटं सुटलेली, डेनिमचे बिनबाह्यांचे कोट घातलेली. मध्ये एक रिकामं स्टूल, त्यावर वेंडेलच्या टोपीसारखी टोपी. एकानं वेंडेलच्या गावाकडचा म्हणून मक्याच्या पिठाचा केक करून आणला होता, तो विटेसारखा कडक झालेला, पण प्रसाद घ्यावा तसा प्रत्येकानं तुकडा घेतला आणि चावून चावून संपवला. मग एकेक जण उभा राहून आपण वेंडेलला पहिल्यांदा कुठे ऐकलं ते सांगायला लागला. कुणी लॉरीत, कुणी तुरुंगात, कुणी बायको सोडून गेली त्या आठवड्यात. हे धिप्पाड लोक भर दुपारी सगळ्यांसमोर नाक शिंकरत रडत होते आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. आमच्या घरात चार दिवस होऊन गेले होते आणि आईच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. ह्या लोकांना जमतं ते आम्हाला का जमत नाही, असा मोठ्या शहाणपणाचा विचार मी तिथे बसून केला. तो मला अजून आठवतो.

माझी पाळी आली तेव्हा कॉलिनच उठला. त्याला आईनं कुंपणापाशी भावाचं सांगितलं होतं, आणि तो त्याच दिवशी आमच्याकडे कार्ड घेऊन, गाणी बंद ठेवू का असं विचारून गेला होता. नको, राहू दे, अनूला बरं वाटतं, असं आईनंच त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, ह्या मुलीचा मामा त्याच गुरुवारी गेला, इंडियात, आणि तरी ती आज वेंडेलसाठी आली आहे. सगळी खोली माझ्याकडे वळली. कुणीतरी ग्लास उचलला आणि म्हणालं, मामासाठी. तीस ग्लास वर गेले. विलासमामाला तिथे कुणी ओळखत नव्हतं, त्याच्या नावाचा उच्चारही त्यांना आला नसता, तरी क्षणभर सगळे त्याच्यासाठी गप्प उभे राहिले. मग माझ्या शेजारच्या बाईनं माझा हात धरून हळूच विचारलं, फार जवळचा होता का गं?

"नॉट रिअली," मी म्हणाले.

दुसरं काही म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग तू इथे काय करते आहेस? तेवढ्या एका प्रश्नाला चुकवण्यासाठी मी दोन वर्षांच्या वेण्या आणि टॉवेलची घडी दोन शब्दांत निकालात काढली. आणि खरं सांगते, घरी चालत येताना मला मामा आठवला. पहिल्यांदा. वेंडेलचा सूर नव्हे, तर मामाच्या बोटांचा खडूचा वास. मला त्या वेळी रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. मी पार कोरडी झाले होते, सगळं आधीच भलतीकडे सांडून.

दहावा शनिवारी होता. सकाळी साडेसहा वाजले असतील. चांगलं लख्ख उजाडलं होतं. आई कामाचे कपडे घालून चहा घेत उभी होती, बाबा रात्रपाळीवरून यायचे होते. फोन वाजला. वाईहून बंडूमामा बोलत होता, मामाचा चुलतभाऊ, दिवस तोच करत होता. कृष्णेच्या घाटावरून बोलत होता, आणि त्याच्या आवाजामागे माणसांचा गलबला ऐकू येत होता. आईनं फोनचं स्पीकरचं बटण दाबलं आणि मला हाक मारली. मी जिन्यावरच होते.

पिंडाला कावळा शिवत नव्हता. दीड तास झाला होता. कावळे घाटाच्या भिंतीवर ओळीनं बसले होते, खाली उतरायला तयार नव्हते. मृताची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, म्हणून जमलेले सगळे एकेक पुढे होऊन मामाला शब्द देत होते. वहिनीला आम्ही अंतर देणार नाही, असं बंडूमामानं सांगून पाहिलं. हेडमास्तरांनी सांगितलं, आंतरशालेय सामने तुमच्याच नावानं भरवू. त्याच्या विद्यार्थ्यांनी सांगितलं, सर, आम्ही रोज ग्राउंडवर येऊ. एकही कावळा हलला नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करून विधी उरकायला निघाले होते, तेव्हा मामी म्हणाली थांबा. मामी घाटावर हट्टानं गेली होती. ह्यांचा जीव अनूत अडकलाय, म्हणाली, ती पोर दहा दिवस रडतेय तिकडे, हे कसे जातील? तिला फोन लावा.

"अनू, मी मोबाइल पिंडाजवळ धरतोय," बंडूमामा म्हणाला. "बोल तू मामाशी. काय मनात असेल ते बोल. तुझं ऐकेल तो."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर नुसती आशा होती. दहा दिवसांत तिनं मागितलं ते एवढंच. काहीतरी बोलून मोकळं व्हायचं होतं मला. मामा, काळजी करू नकोस, मी मामीला भेटायला येईन, एवढं एक वाक्य पुरे होतं. मी तोंड उघडलं, 'मामा' म्हणाले, आणि मराठीत पुढे शब्दच येईना. त्या भाषेत मी त्याच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. खोटं बोलायचं काम आईला लावलं होतं. आणि खरं बोलावं तर मामी ऐकत होती. मग माझ्या तोंडून भडाभडा इंग्रजी यायला लागलं, ते घासूनपुसून केलेलं, इथल्या पोरींचं, भरभर बोललेलं. मामा, आय वॉजन्ट क्राइंग फॉर यू. सगळ्यांना वाटतंय तुझ्यासाठी, पण तुझ्यासाठी नव्हतं. मी दुसऱ्याच कुणासाठी रडत होते. तू गेलास हे मला कळलंही नव्हतं, आणि लोकांनी विचारलं तर मी सांगितलं, फारसा जवळचा नव्हता. मी बाथरूममध्ये नसायचे, मामा. एकाही रविवारी नसायचे. हे सगळं मी इंग्रजीत बोलले, एका श्वासात, आणि छपरावरून एक विमान गेलं तरी थांबले नाही.

विमान गेलं. फोनमधून पंखांची फडफड ऐकू आली आणि एकदम आरडाओरडा झाला. शिवला, शिवला. कुणीतरी रडत होतं, कुणीतरी हर हर महादेव म्हणालं. मी कावळ्याबिवळ्यावर विश्वास ठेवत नाही, तेव्हाही ठेवत नव्हते. दीड तास बसलेला कावळा कधी ना कधी उतरणारच. मी फक्त झालं ते लिहिते आहे.

गलबल्यातून मामीचा आवाज आला. फोन तिनं घेतला असणार, त्या वाकड्या बोटांनी, तोंडाच्या अगदी जवळ. "काय बोलली गं पोर? मला कळलं नाही. इंग्रजीत काय बोलली?"

हा प्रश्न आईला होता. आई माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिचं इंग्रजी उत्तम होतं, तिला एकेक शब्द समजला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, फोनच्या बटणांकडे बघत होती.

"म्हणाली, माझं चुकलं, मामा," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. "तू फोन करायचास आणि मी यायचे नाही. त्याचं तिला फार लागलंय, वहिनी."

मामी म्हणाली, अगं वेडी आहे ती, ह्यांनी कधी मनात नाही ठेवलं. ह्यांना माहीत होतं. मोठ्या होतात पोरी, म्हणायचे. मग बंडूमामानं फोन घेतला, जेवणाची पानं मांडायची आहेत म्हणाला, आणि ठेवला.

माझ्या बोलण्यातलं जेवढं मामीला देता येईल तेवढं आईनं दिलं होतं, उरलेलं स्वतःकडे ठेवलं होतं. मी तिच्या ओरडण्याची वाट बघत उभी राहिले. तिनं थंड झालेला चहा सिंकमध्ये ओतला. कप विसळला, पालथा घातला.

"कोणासाठी?" तिनं विचारलं.

"कॉलिनच्या बँडमधला. वेंडेल."

"किती वर्षांचा होता?"

"एकसष्ट."

ती मान हलवत राहिली, जणू हिशेब जुळत होता. "दादाला सत्तेचाळीस पुरी व्हायची होती," ती म्हणाली. मग तिनं छातीवर नावाचा बिल्ला लावला, केसांची जाळी पर्समध्ये टाकली आणि दार ओढून घेऊन गेली. ह्या विषयावर त्यानंतर आम्ही एक अक्षरही बोललो नाही. मामीला भेटायला मी पुढे दोनदा गेले. तिनं दोन्ही वेळा माझ्या रडण्याचं कौतुक शेजारणींना ऐकवलं, आणि मी ते ऐकून घेतलं. आता तीही नाही.

त्या सकाळी ती बाहेर पडल्यावर मी वर माझ्या खोलीत गेले, तिथल्या खिडकीतून समोरचा बस स्टॉप दिसायचा. आई तिथे जाऊन उभी राहिली. शनिवारची सकाळ, रस्त्यावर कुणी नव्हतं. तिची बस आली, दार उघडलं, तिनं ड्रायव्हरला हातानं जा म्हणून खूण केली. मग ती स्टॉपच्या त्या अरुंद लाल फळीवर बसली, पर्स पोटाशी धरून पुढे वाकली, आणि तिची पाठ हलायला लागली. दहा दिवसांत पहिल्यांदा. दुसरी बस आली, तीही गेली. रस्ता ओलांडून तिच्यापाशी पोचायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी पडद्याआड उभी राहून तिला रडताना बघत राहिले, आणि खाली गेले नाही.